धुऱ्यावरचा पळस आणि मंडईची पंगत



दसरा सरला, की आपल्या झाडीपट्टीत घरोघरी पाहुण्यांची चाहूल लागते. हलके धान पिवळे पडलेले असते, भारी धान अजून भरत असते, आणि दिवाळी-भाऊबीज आटोपते न आटोपते तोच गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. लेकी-जावई, व्याही, मामा-मावश्या, शेजारच्या गावचे सोयरे असा सगळा गोतावळा दारात येतो. तिकडे चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यात दीक्षाभूमीवर मोठा मेळावा भरतो आणि ठिकठिकाणी भोजनदान होते. थोडक्यात, शरद ऋतू हा आपल्याकडे पंगतींचा ऋतू आहे.

पण याच दिवसांत शेतकऱ्याचा हात आखडलेला असतो. धान अजून बांधीत असते, मजुरी द्यायची असते आणि दुकानाची उधारी डोक्यावर असते. अशा वेळी पाहुण्यांपुढे चार पाने नीटनेटकी मांडावीत, घराची शोभा दिसावी, असे घरच्या लक्ष्मीला वाटणे साहजिक आहे. मग कोणीतरी बाजारातून चकचकीत ताटे, प्लास्टिकचे पेले आणि रंगीत कागदी माळा आणतो. दोनशे-चारशे रुपये जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच उकिरडा होतो. पंगतीची खरी शोभा आपल्या धुऱ्यावर, सांदवाडीत आणि तळ्यात उभी आहे. ती शेतातून आणावी आणि पंगत उठली की शेतालाच परत द्यावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

पत्रावळीचा हिशोब

कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. त्या तीन पानांपैकी मधले पान सर्वांत मोठे असते. ते पत्रावळीच्या मध्यभागी घ्यावे आणि बाजूची दोन कडेला लावावीत. एका पत्रावळीला साधारण सहा ते आठ पाने लागतात. पन्नास पाहुणे येणार असतील, तर साठ पत्रावळी तयार ठेवाव्यात, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास पाने झाली. रस्सा आणि गोडासाठी द्रोण त्याच्या दुप्पट करावेत.

पाने फार कोवळी नकोत आणि पिवळी पडलेली, किडीने खाल्लेलीही नकोत. झाड कधी ओरबाडू नये. शेंडा राखून बाजूच्या फांद्यांची थोडी थोडी पाने अनेक झाडांवरून घ्यावीत. टाचण्यासाठी बांबूच्या बारीक काड्या वापराव्यात. स्टेपलरची पिन किंवा तार कधीही लावू नये. त्याचे कारण पुढे येईलच. लावलेल्या पत्रावळी एकावर एक रचून वर पाटा किंवा जड फळी ठेवावी, म्हणजे त्या सपाट होतात. मग चांगले ऊन दाखवून कोरड्या जागी ठेवाव्यात. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि बुरशीचे पान पाहुण्यापुढे मांडू नये. वाढण्यापूर्वी प्रत्येक पान ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

ज्यांच्या घरी पत्रावळी लावायला माणूस नाही, त्यांनी गावातल्याच बायांकडून विकत घ्याव्यात. पाने गोळा करणे, काड्या सोलणे आणि टाचणे यांत दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी धरून भाव द्यावा. शहरातून आणलेल्या ताटाला आपण न बोलता पैसे मोजतो आणि शेजारणीच्या पत्रावळीला मात्र घासाघीस करतो, हे बरे नव्हे.

पानासाठी जीव धोक्यात घालू नका

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांना वाघाविषयी नवे काही सांगायला नको. तेंदू-मोहाच्या दिवसांत जंगलात गेलेली माणसे परत आली नाहीत, अशी घरे आपल्या ओळखीत आहेत. वाकून पाने वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. म्हणून पत्रावळीसाठी पहिली पसंती धुऱ्यावरच्या पळसाला द्यावी. जंगलात जावेच लागले, तर एकट्याने जाऊ नये. ऊन चांगले वर आल्यावर चार-सहा जणांनी मिळून, आपसात बोलत जावे आणि दिवस कलण्याआधी परतावे. अभयारण्यात आणि राखीव भागात पानासाठी शिरू नये.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर आपल्या भागातील अनेक ग्रामसभांना हा हक्क मिळालेला आहे. हक्काबरोबर राखणही येते. आपल्या ग्रामसभेने पाने तोडण्याचे जे नियम केले असतील ते सर्वांनी पाळावेत. धुऱ्यावर पळस नसेल, तर पावसाळ्याच्या तोंडाला ताजे बी लावून चार झाडे वाढवावीत. एकदा धरलेला पळस पुढच्या पिढीच्या पंगतीलाही पाने देतो.

दार, ओसरी आणि पान

सजावटीची सुरुवात जमिनीपासून करावी. अंगण शेणाने सारवावे आणि भिंत पांढऱ्या मातीने पोतावी. मग ओसरीत पंगतीची ओळ दोरी धरून आखावी, म्हणजे पाने वाकडीतिकडी पडत नाहीत. दोन ओळींमध्ये वाढणाऱ्याला मोकळेपणाने फिरता येईल एवढी वाट सोडावी. प्रत्येक पानाभोवती रांगोळीची एक साधी रेघ आणि कोपऱ्यात झेंडूचे एक फूल, एवढ्यानेच पंगत उठून दिसते. अन्नाजवळची रांगोळी तांदळाच्या पिठाची काढावी. रंगीत भुकटी तिथे वापरू नये.

दाराला आंब्याची पाने आणि झेंडू यांचे तोरण असतेच. त्यात धानाच्या लोंब्यांची भर घालावी. पिकलेल्या लोंब्या देठासकट कापून सावलीत वाळवाव्यात, तणसाच्या दोरीने जुडी बांधून दारावर आणि ओसरीच्या खांबांवर टांगाव्यात. पाहुणे गेल्यावर त्या चिमण्यांच्या उपयोगी पडतात.

लोंब्या निवडायला बांधीत उतरालच, तेव्हा आणखी एक काम करा. ज्या झाडाची लोंबी भरदार आहे, दाणा सारखा आहे आणि जे रोगाने काळवंडलेले नाही, त्याला खूण बांधून ठेवा आणि त्याचे बी वेगळे काढा. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या 'पटेल ३' धानात तीन वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांचे बी वर्षानुवर्षे जपून वाढवले. त्यातूनच 'एचएमटी' हे बारीक धान आले. दादाजी २०१८ साली वारले, पण त्यांचे धान आजही आपल्या ताटात आहे. लोंबीकडे नीट पाहणाऱ्या डोळ्याची किंमत यावरून कळावी.

झेंडू विकत न घेता घरचाच असावा. जुलैच्या सुरुवातीला रोपे टाकून, साधारण महिन्याभराची झाली की दीड-दोन फुटांवर लावली, म्हणजे दसरा-दिवाळीला फूल मिळते. भाजीपाल्याच्या वाफ्याकडेने झेंडू लावला, तर मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. शेवंती असेल तर उत्तमच. गावच्या मालगुजारी तळ्यात कमळे असतील, तर दोन फुले पितळी तांब्यात पाणी घालून ठेवावीत. ओसरीची कळा बदलते.

ही फुले पानाजवळ नकोत

दिसायला सुंदर ते सगळे पंगतीला चालते असे नाही. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी दिसणारी कळलावी पावसाळ्याच्या शेवटी कुंपणावर फुललेली असते. तिचे सर्वांग विषारी असते आणि कंद तर फारच. कण्हेर व धोतराही विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. ही फुले-पाने जेवणाजवळ आणि लहान मुलांच्या हाताशी ठेवू नयेत. बाजारातल्या फुलांवर औषध फवारलेले असू शकते, म्हणून ती दारावर शोभू द्यावीत, पानावर ठेवू नयेत. छापील वर्तमानपत्रावर भजी-वडे मांडण्याची सवयही सोडावी, कारण तेलामुळे शाई अन्नात उतरते.

पणत्या लावताना धानाचे पुंजणे आणि तणसाचे ढीग किती दूर आहेत ते आधी पाहावे. वर्षाची कमाई एका ठिणगीत जाऊ शकते.

घरात टेबल असेल तर

आता पुष्कळ घरांत जेवणाचे टेबल आले आहे आणि ते चांगलेच आहे. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांना खाली बसणे जड जाते. टेबलावर धुतलेले सुती कापड अंथरावे, मध्ये फुलांचा बसका तांब्या ठेवावा आणि कडेने लोंब्यांची एक माळ सोडावी. फुलांची उंची एवढीच ठेवावी की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे तोंड दिसेल. पत्रावळ टेबलावरही तितकीच शोभते. मीठ-लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे व मधोमध भात-वरण, ही आपली वाढण्याची रीत तिथेही पाळावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांभाळावी. टेबलावर वयस्कर आणि अधू माणसांना बसवावे, श्रीमंत पाहुण्याला नव्हे. काहींना काचेचे ताट आणि धान कापायला येणाऱ्या मजुराला फाटके पान, असे झाले तर सगळी सजावट फुकट गेली. पळसाचे पान सर्वांना सारखेच मिळते, हीच पंगतीची पहिली शोभा समजावी.

पंगत उठल्यावर

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरचा उकिरडा पाहावा. खरकट्याच्या वासाने गुरे तिथे जमतात आणि अन्न लागलेले प्लास्टिक अन्नाबरोबरच गिळतात. ते कोठीपोटात साचून राहते. जनावर चारा सोडते, रवंथ थांबते, पोट फुगते, आणि शेवटी पोट फाडून ते काढण्याची वेळ येते. पत्रावळीतली पिन किंवा तार पोटात गेली, तर ती हृदयापर्यंत टोचू शकते. वीस रुपयांच्या ताटांपायी दुभती गाय जाणे कोणाला परवडेल?

थर्माकोल व प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ताटे, पेले, चमचे अशा प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. तरी दुकानदार पुढे करतो आणि आपण घेतो. कागदी म्हणून मिळणाऱ्या चकचकीत ताटावरही पुष्कळदा प्लास्टिकचा पातळ थर असतो. ते खड्ड्यात वर्षभर ठेवले तरी कुजत नाही.

पळसाच्या उष्ट्या पानांचे मात्र खत होते. उरलेला शिजवलेला भात गुरांपुढे ढिगाने टाकू नये. जास्त खाल्ल्याने पोटात आंबट होऊन जनावर दगावू शकते. पाने आणि उरलेसुरले खरकटे खड्ड्यात टाकावे, त्यावर शेणकाला शिंपडावा व मातीचा थर द्यावा. असे थरावर थर देऊन ओल टिकवली, तर दिवाळीत भरलेला खड्डा उन्हाळ्यात खतासाठी उघडता येतो आणि तेच खत पऱ्ह्याच्या वाफ्यात घालता येते.

गावातल्या महिला बचत गटाने पेले, पराती, वाढण्याची भांडी एकदा विकत घेऊन लग्नकार्याला व मंडईला भाड्याने दिली, तर प्लास्टिकची गरजच उरत नाही आणि गटालाही चार पैसे मिळतात. मंडईची तारीख ठरवायला गावकरी बसतील, त्याच बैठकीत हा विषय काढावा.

पाहुणा चार घास जेवून जाईल, नाटक पाहून जाईल. आपली बांधी आणि आपली गुरे इथेच राहणार आहेत. पंगत मांडताना त्यांचाही विचार असू द्यावा. येत्या मंडईला आपल्या ओसरीत पळसाच्या पानांची सरळ ओळ पडो आणि धान घरात सुखाने येवो.