बेवकूफ

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गाला तेथे फाटा फुटतो. एक वाट उमरी, धर्माबादकडे जाते; दुसरी भोकर, किनवटवरून आदिलाबादला पोहोचते. समजा, धर्माबादला निघालेला एक मुलगा घाईघाईने आदिलाबादच्या गाडीत चढला. भोकर आल्यावर चूक उघडकीस येते आणि शेजारचा उतारू म्हणतो, "बेवकूफ कुठला!" मुलगा मान खाली घालतो. आपल्याला बुद्धीच नाही, असे हे गृहस्थ म्हणाले, असे त्यास वाटते. पण त्या शब्दात खरोखर तसे काही आहे काय?

'बे' हा फारसी उपसर्ग तुमच्या ओळखीचा आहे. बेइमान, बेफिकीर, बेशिस्त या शब्दांत तो 'नसलेला' हा अर्थ दाखवितो. 'वुकूफ' हा शब्द मात्र अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे थांबणे, उभे राहणे! हजयात्रेत अरफातच्या मैदानावर यात्रेकरू सूर्यास्तापर्यंत थांबतात, त्यालाही 'वुकूफ'च म्हणतात. एखाद्या गोष्टीपाशी थांबले, ती नीट न्याहाळली, की तिची माहिती होते. म्हणून 'वुकूफ' म्हणजे माहिती, जाण, असाही अर्थ रूढ झाला. इंग्रजीतील 'अंडरस्टँड' म्हणजे समजणे, या शब्दातही 'स्टँड' म्हणजे उभे राहणे दडलेले आहे, ही मौज पाहा.

तेव्हा बेवकूफ म्हणजे ज्याला माहिती नाही तो. संस्कृत 'मूढ' शब्दाची गोष्ट निराळी. तो 'मुह्' म्हणजे गोंधळणे या धातूपासून आला. मोह आणि मुग्ध ही त्याचीच भावंडे. मूढाचे मन गोंधळलेले असते; बेवकूफाला केवळ ओळख नसते. आणि ओळख करून घेता येते.

मराठवाड्यात हा शब्द घरोघरी पोहोचला, यात नवल नाही. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. शब्द मात्र येथेच राहिले.

या शब्दाचे एक सख्खे भावंड मराठीत फार मानाने वावरते. 'वाकिफ' म्हणजे माहीतगार. मराठी उच्चारात त्याचे 'वाकब' झाले आणि त्यापासून 'वाकबगार' म्हणजे कुशल, तरबेज, हा शब्द आला. एकाच धातूच्या पोटी बेवकूफ आणि वाकबगार दोघेही जन्मले! तिसरे भावंड 'मौकूफ'. शिक्षा मौकूफ झाली, म्हणजे ती थांबली. भोकरच्या तिकीट तपासनिसाने त्या मुलाचा दंड मौकूफ केला, तर एकाच दिवशी एकाच घराण्यातले दोन शब्द त्याच्या वाट्याला येतील.