पहिलीतलं मूल वाचतं का? नगर जिल्ह्यातल्या वीस वर्षांचा मागोवा

एकेकाळी पहिलीत नाव घालायला आणलेल्या पोराची गुरुजी एकच परीक्षा घेत: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. हात कानाला लागला की वय भरलं, नाव पटावर. जन्माचा दाखला घरोघरी नव्हता, त्या काळातली ती सोय होती. वाचनाची परीक्षा व्हायची ती शाळा तपासायला साहेब आले की. वर्गातलं चुणचुणीत मूल उभं राहायचं आणि धडा घडाघडा म्हणायचं. ते वाचतंय की पाठ म्हणतंय, हे ताडून पाहायला साहेबांना वेळ नसे. मागच्या रांगेतल्या मुलाची पाळी सहसा यायचीच नाही.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, गेल्या वीस वर्षांत लहान मुलांचं वाचन पाहण्याची रीत तीन-चारदा बदलली. दर वेळी शिक्षकांच्या हाती नवे तक्ते आले. त्यातलं मुलांच्या उपयोगी काय पडलं, हे पाहायची वेळ आली आहे.

कलाटणी मिळाली ती २००५ साली. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने त्या वर्षी ‘असर’ हे सर्वेक्षण सुरू झालं. त्याचे कार्यकर्ते मुलांना भेटायला घरी जातात, कारण शाळेत गैरहजर असलेलं मूलही घरी सापडतं. हातात एक कागद असतो: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून. तो जमला तर गोष्ट, अडलं तर शब्द. पाचांतले चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर. नाहीतर अक्षरं पुढे करायची. गुण नाहीत, नंबर नाही. मूल कुठपर्यंत आलंय, एवढंच कळतं.

हे एवढंच किती मोलाचं आहे ते पाहा. कागदावर ‘पाऊस’ लिहिलंय. एक मूल बोट ठेवून ‘पा... ऊ... स...’ असं चाचपडतं आणि शेवटी ‘पाऊस’ म्हणतं. दुसरं ‘पा’ पाहतं आणि खुशाल ‘पाणी’ म्हणून मोकळं होतं. तिसऱ्याला प, ऊ, स ही अक्षरं बिनचूक ओळखता येतात, पण जोडता येत नाहीत. लेखी पेपरात तिघंही एकाच रकान्यात जाऊन बसतील. पण उद्या सकाळी तिघांना वेगवेगळं शिकवायचंय. पहिल्याला वाचायला भरपूर सोपा मजकूर हवा. दुसऱ्याला शब्दाच्या शेवटापर्यंत नजर नेण्याची सवय लावायची आहे. तिसऱ्याला काना-मात्रा लावून अक्षरं जोडण्याचा सराव हवा. मुलाच्या शेजारी बसून ऐकल्याशिवाय हा फरक कळत नाही. वाचनचाचणी म्हणजे मुळात हे ऐकणं, अशी माझी ठाम समजूत आहे.

याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या हेरंब कुलकर्णी यांनी आदिवासी भागांतल्या शाळा फिरून मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावलं आणि ‘शाळा आहे, शिक्षण नाही’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचाही आधार हाच होता: मुलाच्या तोंडून ऐकलेलं वाचन.

‘असर’चा आकडा मात्र जिल्ह्याचा असतो. साधारण ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. १४ तालुके आणि दीड हजारांवर गावं असलेल्या नगरचं ते ढोबळ चित्र. त्यावरून कुठल्याही एका शाळेची लायकी ठरत नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षाअखेरी एकदा जोखण्यापेक्षा मुलाकडे रोज पाहा, ही कल्पना उत्तम होती. पण कायद्यातल्या ‘नापास नाही’चा अर्थ अनेकांनी ‘परीक्षाच नाही’ असा घेतला. पुष्कळ ठिकाणी वर्णनात्मक नोंदींच्या वह्या एकमेकींच्या नकला झाल्या. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, पायाभूत चाचण्या आल्या. मूल मागे का राहिलं याचा जाब व्यवस्थेने द्यावा, हा त्यातला विचार मला आजही पटतो. पण शाळा शंभर टक्के प्रगत दाखवण्याची घाई सुरू झाली, तेव्हा अडखळणारं मूल पुन्हा नजरेआड जाऊ लागलं.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर मोबाइलला रेंज नाही, तिथे ऑनलाइन पहिली कसली? ‘असर’नुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये प्रमाण पुन्हा २७.१ झालं.

या पडझडीतून एक चांगली गोष्ट निघाली. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. शाळेच्या अंगणात टेबलं मांडलेली. भाषेच्या टेबलावर मूल चित्र पाहून बोलतं, गोष्ट सांगतं, अक्षर ओळखतंय का ते पाहिलं जातं. आई शेजारी उभी असते आणि तिच्या हातात विकासपत्र मिळतं. पहिलीच्या उंबरठ्यावर अशीच चाचणी हवी. जे मूल चित्रातल्या बकरीबद्दल चार वाक्यं बोलतं, त्याची वाचनाची तयारी सुरू झालेली असते, मग अक्षर एकही येत नसलं तरी.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने वेगाचं मापही आणलं: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून. मापाला माझा विरोध नाही; अडखळत वाचणाऱ्याचं लक्ष अक्षरांतच अडकतं, अर्थ निसटतो. पण ‘मित्रांबरोबरसुद्धा’ हा मराठीत एकच शब्द आहे, त्यात दोन जोडाक्षरं आणि एक अनुस्वार. घड्याळ लावताना याचं भान हवं. २०२५ च्या ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रमात दुसरी ते पाचवीच्या मुलांचे स्तर ठरवले गेले आणि चावडी वाचनही झालं. त्यामुळे गावाने आपल्या मुलांचं वाचन कान देऊन ऐकलं, हे मोठं काम झालं. तरी अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नये. त्याचं वाचन वर्गातच ऐकावं.

एक गट मात्र प्रत्येक रीतीतून सुटत आला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. त्यांच्याबरोबर गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, तेव्हा जून-जुलैत नोंदवलेला त्याचा स्तर जुना झालेला असतो. परतल्याच्या आठवड्यात त्याचं वाचन पुन्हा ऐकायला हवं; त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही.

पालकांना एक विनंती. शाळेत गेलात की ‘किती मार्क पडले?’ हे विचारू नका. मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे की वाक्यावर, आणि पुढच्या महिन्यात बाई त्याच्याकडून काय करून घेणार आहेत, हे विचारा. घरी रोज दहा मिनिटं त्याला मोठ्याने वाचू द्या, आणि ते अडलं तर लगेच शब्द सांगून टाकू नका.