चिंतेची गोळी आणि विश्वास

छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे वाटते, रात्री दोनला जाग येते ती येतेच. अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आधी ‘कार्डिओग्राम काढा’ म्हणतो. कार्डिओग्राम बहुतेक वेळा निर्दोष निघतो. मग तो ‘गॅस असेल’ म्हणतो. ‘काही काळजी आहे का?’ असे विचारले की बरोबर आलेली बायको किंवा सून त्याच्याकडे पाहते आणि तो माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहतो.

चिंता प्रत्येकालाच असते. पण सहा महिने, जवळजवळ रोज, कारण असो वा नसो, मन त्याच त्या भीतीभोवती फिरत राहिले आणि त्यामुळे झोप, भूक, कामधंदा बिघडला, तर तो आजार समजावा. त्याला चिंताविकार म्हणतात. समोर बिबट्या आल्यावर शरीर जी तयारी करते, तीच तयारी ते बिबट्या नसताना दिवसभर करत राहते. अ‍ॅड्रिनॅलिन पाझरते, नाडी वाढते, तोंड कोरडे पडते, वारंवार लघवीला होते. हे ‘मनाचे खेळ’ नव्हेत, रुग्ण खरोखरच दमतो.

आज हा विषय घेण्याचे कारण एक निवृत्त परिचारिका. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात झालेली. मुलगा आखातात नोकरीला गेला आणि सिस्टरांचा चिंताविकार सुरू झाला. औषधाने दीड महिन्यात चांगला उतार पडला होता. एके दिवशी त्या आल्या त्या हात कापत, तीन रात्री झोप नाही.

‘गोळ्या चालू आहेत ना, सिस्टर?’

‘बंद केल्या, डॉक्टर. प्रार्थना सभेत एकजण म्हणाले, गोळी घेता म्हणजे प्रभूवर तुमचा विश्वास कमी पडतोय.’

आधी नुसती चिंता होती, आता चिंता वाटते याची लाज तिच्यावर येऊन बसली. चाळीस वर्षे दुसऱ्यांना औषधे देणाऱ्या बाईंना स्वतः औषध घेणे पाप वाटू लागले होते. ‘देवावर सोडा, काळजी कसली करता’ असे सांगणारी माणसे सर्वच धर्मांत आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण आजारी माणसाला हे वाक्य दगडासारखे लागते.

मी त्यांच्या धर्माचा नाही. पण मिरजेत शिकलो, सांगली-साताऱ्यात उमेदवारी केली, त्यामुळे ख्रिस्ती शेजारी, सहकारी आणि रुग्ण पुष्कळ. त्यांचे पवित्र शास्त्र थोडेफार वाचले आहे. उद्याची चिंता करू नका, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले हे सर्वांना माहीत असते. तोच येशू अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या आधी, गेथशेमाने बागेत इतका व्याकूळ झाला की त्याने मित्रांना आपल्याबरोबर जागे राहायची विनंती केली, हे मात्र उपदेशात कमी ऐकू येते. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर प्रत्येक डॉक्टरने वाचावी. जिवाच्या भीतीने तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूत आला, पण त्याने प्रवचन दिले नाही. भाकर दिली, पाणी दिले आणि निजू दिले. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. पुढचे बोलणे त्यानंतर. मनोविकारतज्ज्ञसुद्धा क्रम हाच सांगतात. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सुचवले होते आणि त्याचा सोबती लूक हा तर वैद्यच होता.

आपल्या भागाचा इतिहासही तेच सांगतो. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पुढे सांगली-मिरजेच्या मधल्या वॉनलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम झाले. मिशनच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची पद्धत होती. पण प्रार्थना झाली म्हणून कुणी क्लोरोफॉर्म वगळला नाही.

मग विश्वासाचा चिंतेवर उपयोग नाही का? निश्चित आहे. त्याचे मला माहीत असलेले उत्तम मराठी उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत धड्यापुरते वाचले असेल, ते पूर्ण वाचावे. १८५७ नंतरच्या धरपकडीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्याचा धक्का वडिलांनी इतका घेतला की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. याला गावाकडे मंत्रचळ म्हणतात. आज त्यावर चांगले उपचार आहेत. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. पुढे त्या पतीकडे गेल्या तरी सोवळे लगेच सुटले नाही. ते हळूहळू, एकेक पाऊल टाकत सुटले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांची अखेरची वर्षे साताऱ्यात गेली. १९१७ मध्ये त्यांनी तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि १९१९ मध्ये ते वारले. लक्ष्मीबाईंनी पुढे त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. या बाईंना काळजी कधी वाटली नाही असे नाही, पुस्तकात पानोपानी काळजी आहे. पण ती सांगायला त्यांना देव होता, माणसे होती आणि हाताला काम होते.

प्रार्थनेचा परिणाम शरीरावरही दिसतो. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. २३ निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. म्हणजे रामनाम असो की जपमाळ, संथपणे म्हटले तर धडधड उतरते. घाईघाईत उरकले तर उतरत नाही, हे आमच्या घरच्या आरतीवरूनही सांगतो. मंडळीत बसून गाण्याचा आणखी एक फायदा असा, की एकटेपणा तेवढा वेळ दूर राहतो.

सिस्टरांना मी एलीयाची गोष्ट सांगितली, तर त्यांनी माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या! गोळी पुन्हा सुरू झाली. त्यांचे पाळक समंजस निघाले. पुढच्या रविवारी त्यांनीच सिस्टरांना शेजारी बसवून विचारपूस केली आणि डॉक्टरांचे ऐका म्हणाले.

आता कामाचे. धडधड, वजन घटणे, घाम हे थायरॉईडनेही होते, रक्त कमी असले तरी धडधडते, म्हणून आधी तपासणी करावी. चहा दिवसाला दोन कपांवर आणावा. रोज घ्यायच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. त्या किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या मनाने एकदम थांबवू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. अल्प्राझोलामची सवय लागते, तेव्हा जुन्या चिठ्ठीवर दुकानातून परस्पर घेऊ नये. जगणे नकोसे वाटू लागले तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टर गाठावा. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही तिथे मराठीतून बोलता येते.