शाळाप्रवेश, धर्म आणि प्राथमिक शिक्षक

जिल्हा परिषदेची शाळा ही गावातील सर्व मुलांची शाळा होय. म्हणून प्रवेशाच्या वेळी धर्माचे स्थान काय, हे प्रत्येक शिक्षकास स्पष्टपणे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

राज्यघटनेच्या २९ व्या कलमानुसार, शासनाने चालविलेल्या अथवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही. या तरतुदीची कसोटी लवकरच लागली. मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर १४ जागा धर्म आणि जात पाहून वाटल्या जात. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ही वाटणी रद्द ठरविली. त्याच वर्षी झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागासलेल्या वर्गांच्या उन्नतीसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार शासनास दिला.

शाळेच्या जनरल रजिस्टरात धर्म व जात यांचा रकाना असतो. ही नोंद पुढे दाखल्यासाठी व सवलतींसाठी उपयोगी पडते. ती प्रवेशाची अट नव्हे. नावावरून अथवा पेहरावावरून तर्क करून हा रकाना भरू नये; पालकांस विचारूनच भरावा.

प्रवेशानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २८ व्या कलमाप्रमाणे, सर्वस्वी शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित खाजगी शाळेत ते दिले जात असले, तरी पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलास त्यात किंवा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. मात्र धर्मांविषयी माहिती देणे निषिद्ध नाही. निरनिराळ्या धर्मांचा परिचय व मूल्यशिक्षण घटनेच्या विरुद्ध नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. बुद्ध, येशू, पैगंबर वा ज्ञानेश्वर यांच्यावरील पाठ अवश्य शिकवावा; एखाद्या पंथाचे विधी मुलांकडून करवून घेऊ नयेत.

केरळातील एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. तेथील एका शाळेतील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांस पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणाऱ्याने राष्ट्रगीताचा अवमान केला असे होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. त्या मुलांच्या वर्तनाविषयी अन्य कोणतीही तक्रार नव्हती.

परिपाठाच्या वेळी एखादे मूल प्रार्थना न म्हणता स्वस्थ उभे राहिले, तर त्यास सर्वांसमक्ष जाब विचारू नये. सवडीने पालकांशी बोलावे आणि त्यांचे म्हणणे समजून घ्यावे. चारचौघांत ओशाळलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असे नाही, आणि पटावरील नाव तेवढे मागे उरते.