जलरंगाची ओळख – भाग 7 : कागदाची पारख

परभणी जिल्ह्यातला कापूस जिनिंगमध्ये जातो, रुई वेगळी होते आणि सरकी तेलाच्या गिरणीकडे निघते. त्या सरकीच्या अंगावर आखूड लव राहिलेली असते. सूत कातायला ती कामाची नाही. पण जलरंगाचे उत्तम कागद याच लवेपासून, म्हणजे लिंटरपासून, नाहीतर सुती चिंध्यांपासून तयार होतात.

कापसाच्या रानात वसलेल्या पूर्णा गावात इलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करणारी मुले मात्र स्टेशनरीच्या दुकानात नुसती ‘ड्रॉइंग शीट’ मागतात आणि बहुतेक वेळा लाकडाच्या लगद्याचा पातळ कार्ट्रिज घेऊन घरी येतात. पेन्सिलीला तो चांगला. पाणी लागले की तो फुगतो, खोलगट जागी रंग साचतो आणि ब्रश दुसऱ्यांदा फिरला की वरचा थर गोळे होऊन सुटतो. मुलांना वाटते, आपला हातच बसलेला नाही. पुष्कळदा दोष कागदाचा असतो.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वेगळा लावत नाहीत. उजेड कागदातूनच येतो. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिव्याचा प्रकाश आणि भोवतीचा गडद अंधार जलरंगात साधायचा म्हणजे थरावर थर चढवावे लागतात. पहिला थर न विस्कटता दुसरा पेलणे हे कागदाचे काम. म्हणून पारखायची पहिली गोष्ट तंतूंची. कापसाचे तंतू चिवट असल्याने ते हा मार सोसतात. शिवाय कापसात लिग्निन जवळपास नसते. वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा पडतो तो या लिग्निनमुळेच.

दुसरी गोष्ट वजनाची. कागदावर ‘300 जीएसएम’ लिहिलेले असते, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन 300 ग्रॅम. इम्पीरियल ताव 22 बाय 30 इंचांचा. 300 जीएसएमचा असा पूर्ण ताव साधारण 128 ग्रॅम भरतो आणि त्याचा चौथा हिस्सा, 11 बाय 15 इंचांचा, 32 ग्रॅम. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ही खातरजमा होते. तेवढाच तुकडा 20 ग्रॅम भरला तर कागद 190 जीएसएमचा. तो वापरता येतो, पण आधी भिजवून, चारही कडा गमटेपने पाटीला चिकटवून, ताणून वाळवावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि डोळ्यांना न दिसणारी : खळ. तिच्याशिवाय कागद टिपकागदासारखा पाणी ओढून घेतो. इटलीतल्या फॅब्रियानो गावच्या कागदकारांनी तेराव्या शतकाच्या सुमारास पिष्टाच्या खळीऐवजी जनावरांच्या सरसाची, म्हणजे जिलेटिनची खळ द्यायला सुरुवात केली. पिष्टावर बुरशी लवकर येई. फ्रान्समधल्या आर्श गिरणीची परंपरा 1492 पासूनची, आणि तिच्या जलरंगाच्या कागदालाही जिलेटिनचीच खळ असते.

खळीची परीक्षा घरी होते. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब फुगीर राहून सावकाश मुरला तर खळ चांगली. लगेच पसरून मागच्या बाजूला डाग दिसला तर कमी. मग त्याच ओल्या जागी ब्रश दहा-बारा वेळा घासावा. लव उठली तर त्या कागदावर रंग पुसून काढण्याचे काम जमणार नाही.

पोत तीन प्रकारचा मिळतो. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, तो बारीक तपशिलाच्या चित्राला. रफ खडबडीत, कोरडा ब्रश ओढला की त्यावर रंग तुटक उमटतो. कोल्ड प्रेस या दोहोंच्या मधला, आणि शिकणाऱ्याने सुरुवात त्यानेच करावी.

मराठवाड्याला कागद नवा नाही. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागते. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा कागद करणारी घराणी इथे आली, असे परंपरा सांगते. जुन्या काळी असा हातकागद खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटून तयार करीत, कारण त्यावर बोरू सरसर चालायला हवा होता. भरपूर पाण्याचे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सपाट थर, पेलणे ही त्या कागदाची गरजच नव्हती. पुण्यात के. बी. जोशी यांनी 1940 साली हातकागदाची संस्था उभी केली. आज बाजारात मिळणारा भारतीय हातकागद बहुधा सुती कातरणांचा असतो आणि टिकाऊही असतो, पण खळ प्रत्येक खेपेस सारखी असेलच असे नाही. म्हणून दस्ता घेण्याआधी एक ताव आणून थेंबाची परीक्षा करावी.

पूर्णेच्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. नदीकाठी बसून आकाशाचा वॉश द्यायला घेतला, तर तो निम्म्यावर येईतो वरची कड वाळून पक्की रेघ उमटते. लाकडी लगद्याच्या पातळ कागदावर हे हटकून होते. सुती जाड कागद तंतूंत पाणी धरून ठेवतो, त्यामुळे चार-दोन मिनिटे जास्त मिळतात. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लॅस्टिकच्या पाटीवर पसरला तर ओल आणखी टिकते. पावसाळ्यात उलटी चिंता असते. दमट भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते, आणि रंग लावल्यावरच त्या जागी काळपट ठिपके दिसतात. उरलेले ताव प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आडवे, कपाटात ठेवावेत.

सुती कागद महाग असतो, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे बारा रंगांच्या पेटीऐवजी एक लाल, एक पिवळा, एक निळा अशा तीन चांगल्या नळ्या घ्याव्यात आणि वाचलेले पैसे कागदाला लावावेत. सराव लाकडी लगद्याच्या 200 जीएसएमच्या कागदावर करावा, दोन्ही बाजू वापराव्यात, आणि पक्के चित्र सुती कागदावर. शाळांतल्या चित्रकला शिक्षकांनी मुलांकडून वर्गणी काढून पूर्ण इम्पीरियल ताव एकत्र मागवावेत. एका तावात चार मुलांचे काम होते. निदान परीक्षेच्या वर्षी तरी प्रत्येक मुलाचा ब्रश एकदा सुती कागदावर फिरावा, एवढे त्यांनी जरूर पाहावे.