वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्या एका खुराड्यात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परसातील कुक्कुटपालनात संपूर्ण कळप एकाच वयाचा असणे दुर्मीळच. गावठी कोंबडी खुडूक बसून पिल्ले काढते, आठवडी बाजारातून दोन-चार तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, घरी येतात, वनराज किंवा ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची काही आठवड्यांची पिल्ले विकत घेतली जातात, आणि या सर्वांना अखेर एकाच खुराड्यात रात्र काढावी लागते. व्यावसायिक शेडमध्ये हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण तेथे एकाच वयाची पिल्ले एकदम आत घेतली जातात, एकदमच बाहेर काढली जातात आणि दोन तुकड्यांच्या मधल्या काळात शेड रिकामे ठेवून निर्जंतुक केले जाते. परसात ही शिस्त पाळता येत नसल्यामुळे तेथे ऐकीव समजुतींवर बरेच अवलंबून राहिले जाते, आणि त्यांतल्या काही समजुती पिल्लांच्या जिवावर बेततात.

सर्वांत रूढ समजूत अशी की, नवी कोंबडी अंधार पडल्यावर खुराड्यात सोडली की सकाळी जुन्या कोंबड्या तिला आपलीच समजतात. या समजुतीला एक खरा आधार आहे. कोंबडीला अंधारात फार कमी दिसते आणि ती शांत बसून राहते. म्हणून खुडूक कोंबडीच्या पोटाखाली एक-दोन दिवसांची परकी पिल्ले रात्री सरकवली, तर ती बहुधा त्यांना स्वीकारते. मात्र हा अनुभव इवल्या पिल्लांचा आणि खुडूक अवस्थेतील मादीचा आहे. तो तलंगांना आणि संपूर्ण कळपाला लागू पडत नाही. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधील टोचक्रमाचे पद्धतशीर वर्णन केले. टोचक्रम म्हणजे कोणी कोणाला टोचायचे, दाण्यापाशी आधी कोणी जायचे आणि कोणी वाट सोडायची, याची कळपात ठरलेली उतरंड होय. ही उतरंड टिकते ती ओळखीवर. लहान कळपातील कोंबडी प्रत्येक सोबतिणीला मुख्यतः डोके आणि तुरा यांवरून ओळखते, आणि काही आठवडे दूर राहिलेली जुनी कोंबडीसुद्धा परत आल्यावर पुष्कळदा परकी ठरते. त्यामुळे रात्री गुपचूप ठेवलेली तलंग उजाडताच ओळखली जाते, आणि तीही बंद खुराड्यात, जेथे तिला पळायला जागा नसते व मालक अद्याप उठलेला नसतो. रात्री ठेवण्याची युक्ती सर्वस्वी टाकाऊ नाही, परंतु तिची वेळ शेवटची आहे : दोन्ही गट एकमेकांना आधीच पुरेसे पाहून झाल्यावर.

हे पाहणे घडवण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे मधली जाळी. खुराड्याचा किंवा अंगणाचा एक कोपरा तारेच्या जाळीने वेगळा करून, दाणा-पाण्याची निराळी सोय केलेल्या त्या जागेत नव्या पक्ष्यांना एक ते दोन आठवडे ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांचे दर्शन घडते पण चोच पोहोचत नाही. त्यानंतरची पहिली प्रत्यक्ष भेट खुराड्यात न घडवता मोकळ्या अंगणात, कोंबड्या चरण्यात गुंतलेल्या असताना घडवणे इष्ट. एकट्या पक्ष्यावर सगळ्या चोची रोखल्या जातात, म्हणून नवे पक्षी शक्यतो दोन-तीनच्या गटाने सोडावेत.

प्रत्यक्ष भेटीनंतर दोन परस्परविरोधी गैरसमज आढळतात : कोणी पहिली टोच दिसताच नवा पक्षी उचलून घेतात, तर कोणी ‘आपापसांत ठरवतील’ म्हणून दिवसभर फिरकतही नाहीत. वस्तुस्थिती पाहायची तर नजर टोचण्याच्या प्रकारावर ठेवावी लागते. मोठी कोंबडी मानेची पिसे फुलवून पुढे येते, डोक्यावर किंवा तुऱ्यावर एक-दोन टोचा मारते, लहान पक्षी मान खाली घालून बाजूला होतो आणि मोठी पुन्हा दाणे टिपू लागते. एवढे झाले तर क्रम ठरला असे समजावे आणि हस्तक्षेप करू नये, कारण पक्षी वारंवार उचलल्याने हेच ठरणे लांबत जाते. याउलट माघार घेतलेल्या पक्ष्याचा कोपऱ्यापर्यंत पाठलाग होत असेल, त्याच्या पाठीवर चढून मानेमागची पिसे उपटली जात असतील किंवा रक्त दिसत असेल, तर त्याला तत्काळ बाहेर काढणे आवश्यक ठरते. रक्ताचा लाल ठिपका इतर कोंबड्यांनाही टोचायला प्रवृत्त करतो आणि अशी जखम काही तासांत जीवघेणी होऊ शकते. उपासमार मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिची खूण संध्याकाळी हाताने तपासता येते : मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, अन्न साठवणारी पिशवी असते; दिवसभर पोट भरलेल्या पक्ष्याची ही पिशवी टम्म लागते, आणि दाण्यापासून हुसकावल्या गेलेल्या पक्ष्याची सपाट. अशा वेळी पहिल्यापासून दूर, एकावरून दुसरे दिसणार नाही असे आणखी एक खाद्यपात्र ठेवणे हा साधा पण परिणामकारक उपाय होय.

चोचीचा धोका निदान दिसतो. त्याहून मोठा धोका मात्र धडधाकट दिसणाऱ्या जुन्या कोंबडीकडून येतो, आणि ‘कोंबडी निरोगी दिसते म्हणजे ती रोगमुक्त आहे’ हा या विषयातला सर्वांत घातक गैरसमज म्हणावा लागेल. दीर्घकालीन श्वसनरोग घडवणारे मायकोप्लाझ्मा जंतू आजारातून उठलेल्या पक्ष्याच्या शरीरात राहतात आणि तो पक्षी वाहक म्हणून इतरांना ते देत राहतो. मरेक हा विषाणूजन्य रोग पिसांच्या मुळांतून सुटणाऱ्या कोंड्यातून आणि धुळीतून पसरतो. त्याची लस साधारणपणे उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचली जाते, पण ती गाठी आणि लुळेपणा टाळते, संसर्ग व प्रसार पूर्णपणे थांबवत नाही. रक्ती हगवणीचे एकपेशीय परजीवी जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेतून ओलसर तुसात पडतात व दमट उबेत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. मोठ्या कोंबड्यांनी त्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावलेली असते, तर तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले त्यांना सहज बळी पडतात. म्हणून बाहेरून आणलेला पक्षी सुमारे तीन ते चार आठवडे पूर्णपणे वेगळ्या जागी ठेवावा, आणि या विलगीकरणात मधली जाळी पुरेशी नसते, कारण धूळ, हवा, माश्या आणि माणसाची पादत्राणे जाळी ओलांडतात. रोजचे काम लहान पिल्लांपासून सुरू करून जुन्या कळपापाशी संपवावे आणि नवागतांकडे सर्वांत शेवटी जावे. मानमोडी, अर्थात राणीखेत रोग, याच्या लसीकरणातही क्रम पाळावा लागतो : पहिल्या आठवड्याच्या सुमारास लासोटा ही सौम्य लस, आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनंतर अधिक तीव्र अशी आर-टू-बी. लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, तेव्हा बाजारातून आणलेली तलंग लस देऊन लगेच कळपात सोडण्याने काहीच साधत नाही.

पिल्लाला पिसे आली म्हणजे ते कळपात जायला तयार झाले, असेही मानले जाते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, ती दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत नेली जाते आणि पाच-सहा आठवड्यांत पिल्लू कृत्रिम उबेविना राहू शकते. तथापि ऊब सुटणे आणि मोठ्या कोंबडीची टोच सोसणे यांत फार अंतर आहे. आईविना वाढलेल्या पिल्लांचे वजन-आकारमान जुन्या कोंबड्यांच्या जवळपास येईपर्यंत, म्हणजे बहुतेक जातींत बारा ते सोळा आठवड्यांपर्यंत, थांबणे श्रेयस्कर. येथे वयापेक्षा आकारमान हाच खरा निकष होय. कळपातच खुडूक कोंबडीने काढलेली पिल्ले याला अपवाद ठरतात, कारण आई इतरांना दूर ठेवते आणि पिल्ले पहिल्या दिवसापासून कळपात वावरतात. परंतु साधारण दोन महिन्यांच्या आसपास तीच आई पुन्हा अंड्यावर येण्याच्या बेतात पिल्लांना टोचून दूर करू लागते, आणि त्या आठवड्यांत त्यांच्याकडे विशेष लक्ष पुरवावे लागते.

खाद्याबाबतचा गैरसमज थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिल्लांना सुमारे एक टक्का पुरते, आणि जास्तीचे कॅल्शियम दीर्घकाळ पोटात गेल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. मिश्र कळपाला म्हणून वाढीचे खाद्य सर्वांनाच द्यावे आणि भरडलेला शिंपला निराळ्या भांड्यात ठेवावा. अंडी घालणारी कोंबडी तो गरजेपुरता वेचून खाते.

एवढे करूनही एखादी कोंबडी नव्यांचा पिच्छा सोडत नसेल, तर बहुतेक जण मार खाणाऱ्या पक्ष्याला वेगळे काढतात आणि परतल्यावर तो पुन्हा तळाशीच जातो. त्याऐवजी टोचणाऱ्या कोंबडीलाच काही दिवस नजरेआड ठेवल्यास मधल्या काळात उरलेल्यांची घडी बसते, आणि परत येणारीला आपले स्थान नव्याने मिळवावे लागते.