क्रमांक नसलेले पिस्तूल : खासियत की ऐब?

जुन्या मालाच्या धंद्यात शिक्का पाहून किंमत ठरते. शिक्का नसेल तर माल संशयाचा. पण दुसऱ्या महायुद्धातील काही लष्करी पिस्तुलांना अमेरिकेतील संग्राहक चांगली किंमत देतात, आणि त्यांच्यावर अनुक्रमांक मुळातच नसतो. हा प्रकार काय आहे, हे जुन्या वस्तूंचे व्यापारी, भंगारवाले व लोहकाम करणारे कारागीर यांनी समजून घेणे फायद्याचे आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'लिबरेटर' पिस्तूल. 1942 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंडियाना राज्यात, अँडरसन येथील गाईड लॅम्प या कारखान्यात ते तयार झाले. जनरल मोटर्सच्या मालकीचा हा कारखाना एरवी मोटारींचे दिवे बनवीत असे. सुमारे 11 आठवड्यांत जवळपास 10 लाख पिस्तुले बाहेर पडली. पोलादी पत्रा साच्यात दाबून, अवघ्या 23 भागांचे, एका वेळी एकच गोळी झाडणारे हे हत्यार. किंमत दोन डॉलरच्या थोडी वर. शत्रूने व्यापलेल्या मुलुखातील प्रतिकार करणाऱ्या लोकांना ते गुपचूप पोहोचवायचे होते. म्हणून त्यावर ना कारखान्याचे नाव, ना अनुक्रमांक. युद्धानंतर बहुतेक पिस्तुले नष्ट करण्यात आली, त्यामुळे उरलेली दुर्मिळ झाली. सोबतचा मेणाचा पुठ्ठ्याचा डबा व चित्रांचा कागद शाबूत असेल तर भाव आणखी चढतो.

जर्मन पिस्तुलांची गोष्ट उलटी. लुगरसारख्या पिस्तुलाच्या अनेक सुट्या भागांवरही क्रमांकाचे शेवटचे आकडे असतात. सर्व आकडे जुळले तर किंमत वाढते, एक भाग बदललेला असला तरी ती घटते.

म्हणजे क्रमांक नसण्याचे दोन अर्थ होतात. एक, तो कधी टाकलाच नव्हता. दुसरा, कोणीतरी तो कानशीने घासून काढला. पहिल्यात इतिहास आहे, दुसऱ्यात बहुधा गुन्हा. ठसा मारताना खालचे पोलादही दाबले जाते, हे आपल्या कारागीर बांधवांना सांगायला नको. म्हणूनच वरून घासलेला आकडा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून अनेकदा पुन्हा दिसू शकतो. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक सक्तीचा झाला. त्याआधीचे, मुळातच बिनक्रमांकाचे हत्यार तेथे केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नाही. क्रमांक खोडलेले हत्यार मात्र ठरते.

आपल्याकडे कायदा याहून कडक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो. कलम 8 नुसार निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नसलेले हत्यार विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. असे हत्यार कोणाजवळ सापडले तर खूण त्यानेच खोडली असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला कलम 45 मध्ये सवलत आहे. पण ते खरोखर निकामी आहे का, याचा निवाडा दुकानदाराने स्वतःच्या मनाने करू नये.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बसणाऱ्या बांधवाकडे जुन्या वाड्याच्या सामानातून, भंगाराच्या पोत्यातून असे काही येऊ शकते. तेव्हा ते उघडू नये, घासू नये, पॉलिश करू नये, गिऱ्हाईक शोधू नये. सामान कोणाकडून व केव्हा आले याची पावती जपून तत्काळ पोलीस ठाण्यात कळवावे. कारागिराकडे कोणी क्रमांक मिटवायला किंवा नवा ठोकायला आला, तर मजुरी कितीही मोठी असो, साफ नकार द्यावा.

मालातील ऐब लपवून विकणे इस्लामने हराम ठरवले आहे. हत्याराच्या बाबतीत तर त्या लपवाछपवीने एखाद्याचा जीव जाऊ शकतो आणि आपले घर तुरुंगाच्या दारात उभे राहू शकते. हलाल रोजी कमी असली तरी तिच्यात बरकत आहे.